आमच्या वाट्याचा उजेड

सूर्य सगळ्यांचा असतो असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इतिहासात तसं दिसत नाही. पेशवाईत पुणे शहराच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आधी यायला बंदी होती. कारण काय, तर त्या वेळात ऊन तिरपं असतं, माणसाची सावली लांब पडते, आणि ती सावली वरच्या जातीच्या माणसाच्या अंगावर गेली की तो बाटतो. रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जे जाडजूड पुस्तक काढलं त्यात ही नोंद आहे. पुढं १९३२ साली घुर्यांनीही ती आपल्या पुस्तकात घेतली.

मित्रांनो, हे आपण सभेत शंभरदा सांगतो. ऐकणाऱ्यांच्या मुठी वळतात, सभा संपते. पण या नियमातली एक गोष्ट आपल्या हातून निसटते. हा नियम करणाऱ्याला सूर्याचं गणित पक्कं ठाऊक होतं. सकाळचा आणि संध्याकाळचा कोवळा, तिरपा उजेड त्यानं स्वतःला ठेवला. डोकं तापवणारे मधले सहा तास आपल्याला दिले. आणि घरात, खोलीत, खिडकीतून आत खोलवर शिरणारा जो उजेड असतो तो नेमका हाच, सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड. दुपारचा उजेड छपरावर पडतो. तो आत येत नाही, फक्त तापवतो. म्हणजे आपल्याला रस्त्यावरचं ऊन मिळालं, घरातला उजेड नाही.

मला आज या घरातल्या उजेडावर लिहायचंय. खिडकीवर.

आपल्या माणसांनी खिडकी पहिल्यांदा पाहिली ती बाहेरून. शाळेच्या ओट्यावर बसवलेली आपली पोरं आतल्या फळ्यावरची अक्षरं गजांमधून वाचत, हे आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलंय. ज्यांना आत घेतलं त्यांना कोपरा मिळाला. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत.

देवाची तऱ्हा तीच. कर्नाटकात उडुपीला कृष्णाच्या देवळाच्या भिंतीत एक जाळीची खिडकी आहे, तिला कनकाची खिडकी म्हणतात. कनकदास सोळाव्या शतकातला, जातीनं धनगर. त्याला देवळात घेतलं नाही म्हणून तो मागच्या बाजूला उभा राहून गात राहिला, तेव्हा भिंत फुटली आणि देवानं त्याच्याकडं तोंड फिरवलं, अशी कथा सांगतात. लोक तिथून मोठ्या भक्तीनं दर्शन घेतात. कथा गोड आहे. पण बघा, देवाला भिंत फोडता आली, दार उघडता आलं नाही. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामापुढं सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आपल्या माणसांनी दार मागितलं. भोकावर समाधान मानणारी ती माणसं नव्हती.

त्यामुळं आपल्या चळवळीत दार हा शब्द पुष्कळ आला, खिडकी फारशी आली नाही. मी खिडकीवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या मंडळातला एक भाऊ म्हणाला, ‘भाकरीचं सोडून बंगल्यातल्या गोष्टीवर काहून लिहून राहिला बे तू?’ त्याचा राग मला समजतो. पण खिडकी ही बंगल्याची चैन आहे हे त्याला शिकवलं कुणी? ज्यांच्या घरात ती पहिल्यापासून होती त्यांनीच.

आणि कामगारानं तर भाकरीच्या भांडणातच उजेडाचं भांडण केलेलं आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढं ठेवला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार होता. शिवाय असं होतं की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना बंद व्हावं. घड्याळात इतके तास असं ते नुसतं म्हणाले नाहीत, सूर्य म्हणाले. कामगाराकडं कुठलं आलं घड्याळ. घड्याळ मालकाचं, भोंगा मालकाचा. गिरणीच्या खिडकीतून दिसणारा उजेड एवढंच काय ते कामगाराचं स्वतःचं घड्याळ, आणि ते मालकाला पुढं-मागं करता येत नव्हतं.

मग १९०५ च्या सुमारास मुंबईच्या पुष्कळ गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत दिवस मावळला की साचा थांबवावा लागे, धागा दिसत नसे. दिवे आले आणि दिवस मावळायचाच बंद झाला. तेजीच्या त्या दिवसांत चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम ओढलं गेलं. कामगार चिडले, दंगे झाले, चौकशा बसल्या. शेवटी १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी १२ तासांची हद्द घातली. सूर्य जी हद्द फुकट घालत होता ती घालून घ्यायला एवढी वर्षं गेली. मधेच १ जानेवारी १९०६ ला सरकारनं सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली. मुंबईचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढं गेलं. मालकानं भोंगा नव्या वेळेला दिला आणि त्याच महिन्यात गिरणी कामगार खवळून उठले. सुशिक्षितांना तेव्हा हे अडाणीपणाचं वाटलं असेल. मला वाटत नाही. एकोणचाळीस मिनिटं म्हणजे अंधारात उठून अंधारात गेट गाठणं. ती मिनिटं कुणाच्या झोपेतून कापली गेली, ते कामगाराला बरोबर कळलं होतं.

दिव्यावर माझा राग नाही. दिव्याखालीच आपला बाप शिकला. परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आठवा. स्वैपाक तिथंच, जळण तिथंच, जातं तिथंच, बकरीही तिथंच. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवत, कारण तेव्हाच खोलीत शांतता आणि जागा असे. भीमराव बिनकाचेच्या, धूर ओकणाऱ्या तेलाच्या दिव्यावर वाचत. यातली जिद्द आपण पोरांना सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण दुसरी बाजूही सांगा. त्या खोलीत दिवसा वाचता आलं असतं तर पोराला रात्री दोनला उठावं लागलं नसतं.

त्या चाळी तशा का होत्या याचा इतिहास आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहर हादरलं. सरकारी पथकं घराघरात शिरली. अंधाऱ्या खोल्यांच्या छपराची कौलं काढून आत ऊन सोडू लागली, आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांवर अक्षरं रंगवू लागली. जुलूमही पुष्कळ झाला. पण गरिबाच्या खोलीत ऊन नाही ही गोष्ट सरकारच्या डोळ्यांत पहिल्यांदा तेव्हा भरली, कारण त्या खोलीतला उंदीर साहेबाच्या बंगल्यापर्यंत पोचू शकत होता. १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टचे ऑर नावाचे एक अध्यक्ष होते. १९१२ साली त्यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेड-हवेवर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. अंश बघून घाबरू नका, हिशेब सोपा आहे. समोरची भिंत २० फूट उंच असेल तर तिच्यात आणि तुमच्या खिडकीत निदान १० फूट मोकळी जागा पाहिजे. उंचीच्या निम्मी. एवढी जागा सोडली तर खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसतो. घरमालकांना हे परवडेना, कारण आभाळाचं भाडं मिळत नाही.

त्याच ट्रस्टच्या पोयबावाडीतल्या चाळीत बाबासाहेब पुढं वीसेक वर्षं राहिले. एक खोली घराला, एक वाचनाला. तिथूनच लंडनला गेले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय १८५७ साली उघडलं, मोठ्या घुमटाचं, घुमटाच्या कडेनं खिडक्यांचं कडं. आगीच्या भीतीनं तिथं पहिली वीसेक वर्षं दिवाच लावत नसत. धुकं आलं, अंधारून आलं की वाचकांना उठवून लावत. १८७९ मध्ये तिथं विजेचे दिवे आले. बाबासाहेब गेले तेव्हा दिवे होते, पण वरून येणारा उजेडही होता, आणि ते दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. कुठं डबक चाळीचा दिवा, कुठं तो घुमट. माणूस तोच. १९३० नंतर त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते राहण्याइतकंच पुस्तकांसाठी. घर बांधताना पुस्तकाला जागा आणि उजेड आधी बघणारा दुसरा पुढारी मला माहीत नाही.

आता मुंबई सोडून आपल्या भागात येऊ. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण भंडाऱ्यात. त्याच भंडाऱ्यात, जिथून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. इथं तळी, धान आणि जंगल. जंगलात तेंदू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी रेल्वे आली, रेल्वेनं व्यापारी आले, आणि तेंदूच्या पानात तंबाखू भरून वळायचा धंदा नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया असा रुळांच्या कडेनं वसला. या धंद्याला यंत्र लागत नाही. एक सूप, एक कैची, बोटं आणि डोळे. डोळे म्हणजे उजेड. पान कुठं फाटलंय, शीर कुठं जाड आहे, धागा नीट बसला का, हे अंधारात दिसत नाही. आणि दिसलं नाही तर बिडी छाटात जाते, मजुरी कापली जाते. या धंद्यात उजेड हा सरळ पैसा आहे.

आणि तरीही खिडकी नाही. १९२९ साली सरकारनं व्हिटले आयोग नेमला, त्याचा अहवाल १९३१ ला आला. साहेब लोक देशभरच्या बिडीच्या कारखान्यांत डोकावले आणि जे बघितलं ते त्यांनी लिहिलं: लहान कोंदट खोकी, पुष्कळांना खिडकीच नाही. जमिनीवर माणसं एवढी दाटीनं बसलेली की मधून पाय टाकायला जागा नाही. काही जागा अर्ध्या जमिनीत गेलेल्या, अंधाऱ्या, खाली ओल्या मातीची जमीन. इंग्रजाच्या आयोगाला आपल्या अंधाराची नोंद घ्यावीशी वाटली. ज्यांची दुकानं त्या गल्लीतच होती त्यांना वाटली नव्हती.

१९३७ साली मध्य प्रांतात या बेहिशेबी कारखान्यांसाठी कायदा झाला, तो तीन धंद्यांना लागला: बिडी, लाख आणि चामडं. या तीन धंद्यांत कोण बसलेलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. त्याच साली कामठीचे बाबू हरदास एल. एन. मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. आपण रोज एकमेकांना ‘जयभीम’ म्हणतो तो ज्यांनी रूढ केला तेच हे हरदास. पण ते बिडी मजुरांचे पुढारी होते हे आपल्यातल्या किती पोरांना माहीत आहे? त्यांनी बिडी मजुरांचा संघ बांधला, मधला दलाल काढून टाकायला मजुरांच्या सहकारी सोसायटीचा प्रयत्न केला. १२ जानेवारी १९३९ ला ते गेले. वय ३५, रोग क्षय.

क्षय आणि उजेड यांचं नातं डॉक्टरांना तेव्हा ठाऊक होतं. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, आणि १८९० साली बर्लिनला सांगितलं की थेट उन्हात हा जंतू काही मिनिटांपासून काही तासांत मरतो. अंधाऱ्या, कोंदट खोलीत तो टिकून राहतो. हरदासांना क्षय कुठं लागला हे कुणी सिद्ध करू शकत नाही आणि मी करतही नाही. एवढंच म्हणतो की ज्या मजुरांसाठी ते झिजले त्यांच्या बसण्याच्या जागा जंतूला सोयीच्या होत्या.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादला गेले आणि कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. खाणीपेक्षा मोठी बिनखिडकीची खोली जगात नाही, आणि मंत्री तिच्यात उतरतो ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्याच खात्यानं १९४४ साली रेगे समिती नेमली, तिनं देशातल्या मजुरांची धंदावार पाहणी केली, त्यात बिडीचा धंदा होता. पाहणी झाली, कागद झाले. बिडी मजुराचा देशव्यापी कायदा यायला मात्र १९६६ उजाडलं. बाबासाहेब जाऊन दहा वर्षं झाली होती.

तो १९६६ चा कायदा मी वाचलाय, शब्दकोश मांडीवर घेऊन. कारखान्याला परवाना पाहिजे, जागा स्वच्छ पाहिजे, दाटी नको. उजेड, हवा आणि उष्णता सरकार ठरवील त्या प्रमाणात पाहिजे. पाणी, संडास, पोरांसाठी पाळणाघर, सगळं आहे. वाचताना बरं वाटतं. मग व्याख्येवर नजर जाते. उजेडाचा नियम ज्या जागेला लागायचा त्या जागेच्या व्याख्येतून राहतं घर वगळलेलं होतं.

दोन-तीन शब्दच ते. पण सगळा धंदा त्या शब्दांच्या भोकातून पलीकडं गेला. कारखान्यात मजूर बसवला तर खिडकी द्यावी लागते, संडास द्यावा लागतो. तोच मजूर त्याच्या घरी बसवला तर भिंत त्याची, छप्पर त्याचं, अंधार त्याचा. मालकानं सट्टेदार मधे घातला. सट्टेदार पान आणि तंबाखू मोजून देतो, बिड्या मोजून घेतो, छाट काढतो. घरी वळणाऱ्या बाईलाही कायद्यानं मजूर म्हटलं, मजुरीचा हक्क दिला, पण तिच्या डोळ्यांपुढच्या उजेडाची जबाबदारी कुणाचीच राहिली नाही. केरळात कन्नूरला १९६८ साली एका मोठ्या बिडी कंपनीनं हा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा कारखानेच बंद केले. तिथल्या हजारो कामगारांनी १९६९ च्या फेब्रुवारीत दिनेश बिडी नावाची स्वतःची सहकारी संस्था उभी केली. ते घरात विखुरले नाहीत, एका छताखाली बसून राहिले. एकजण मोठ्यानं पेपर वाचायचा, बाकीचे बिड्या वळत ऐकायचे. आपल्याकडं बायका एकेकट्या आपापल्या उंबऱ्यावर बसल्या. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं मालकांचे आक्षेप फेटाळून कायदा उचलून धरला. आपण जिंकलो, पण तोवर पुष्कळ काम घरात जाऊन पडलं होतं.

उंबऱ्यावर का, हे बिडी वळणाऱ्या बाईला विचारा. घरात दिसत नाही म्हणून. आमच्या वस्तीत सकाळी पूर्वेकडच्या दारात सुपं मांडलेली दिसतात, दुपारून तीच सुपं मागच्या सांदीत जातात. बाया उन्हाच्या मागं-मागं सरकतात, मळ्यातल्या सूर्यफुलासारख्या असं एखादा कवी म्हणेल. मी कवी आहे पण म्हणणार नाही. ते सरकणं मजुरीसाठी आहे. आपल्या गोंदियात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास भरतो, डिसेंबरातला सर्वांत लहान पावणेअकराच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात अडीच-पावणेतीन तासांचा उजेड कमी. सट्टेदाराचा हजार मात्र बाराही महिने हजारच. उरलेल्या बिड्या बाई बल्बखाली वळते, आणि विजेचं बिल तिच्याच नावानं येतं. माझ्या मायचे डोळे पन्नाशीच्या आत गेले. ती म्हणते वयानं.

आमच्याकडच्या जुन्या घरांना खिडक्या का नव्हत्या, हे मी म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो. एकेकानं एकेक सांगितलं. मातीच्या भिंतीला भोक पाडलं तर पावसाळ्यात भिंत बसते. चौकटीला लाकूड कोण देणार? उन्हाळ्यात लू येते. हे सगळं खरं आहे. आमच्या मोठ्या आईनं तर छपराचं एक कवेलू काढून तिथं काच बसवून घेतली होती. दुपारी त्या काचेतून भाकरीएवढा उजेड खाली पडायचा आणि ती तांदळातले खडे नेमके तेव्हाच निवडायची. पण एका म्हातारीचं उत्तर मी विसरू शकत नाही. म्हणाली, ‘बाप्पा, खिडकी कोनाकडे उघडाची? इकडे गाव, तिकडे मसन.’

इथं उजेडाचा प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो. खिडकी नुसती उजेड आत घेत नाही, नजर बाहेर सोडते. १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं ‘सायन्स’ मासिकात एक छोटा लेख लिहिला. पेनसिल्वेनियातल्या एका दवाखान्यातले १९७२ ते १९८१ मधले पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी त्यानं निवडले. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे शक्य तितकं जुळवून घेतलं होतं. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनांची औषधंही कमी लागली. ४६ रोग्यांवरून जग ठरत नाही, मान्य. पण उजेड दोन्हीकडं होता हे लक्षात घ्या. फरक समोर काय होतं त्याचा होता.

त्या म्हातारीनं तो लेख वाचलेला नाही. पण तिला तिच्या जागेवरून काय दिसणार ते आधीच माहीत होतं. वस्ती कुठं बसवायची हे गावानं ठरवलं तेव्हाच तिच्या खिडकीतलं चित्रही ठरलं होतं. आपली माणसं गावाकडं भिंतीची पाठ करून का राहिली, याला नुसती गरिबी हे उत्तर पुरत नाही.

मी ज्या राईस मिलमध्ये बोरे उचलतो तिथं उत्तरेला तीन खिडक्या आहेत. नवख्याला दाखवून पण सापडायच्या नाहीत. त्यांच्यापुढं धानाच्या बोऱ्यांची थप्पी छतापर्यंत लागते, आणि जी फट उरते तिच्या काचेवर कोंडा चढून ती काच राहिलेली नाही, भिंतच झाली आहे. आत दिवसभर ट्यूबलाईट. बाहेर पाऊस झाला तर आम्हाला तो बाहेरून येणाऱ्या हमालाच्या ओल्या डोक्यावरून कळतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात १७ वं कलम होतं. कामाच्या जागी पुरेसा उजेड हवा, आणि उजेडासाठी ठेवलेल्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून, दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवल्या पाहिजेत, त्यांच्यापुढं अडथळा नको, असं त्यात होतं. दोन्ही बाजूंनी! हे लिहिणाऱ्यानं कधीतरी गिरणीत उभं राहून पाहिलेलं असणार. मी ही गोष्ट मुकादमाला सांगितली तेव्हा तो हसून म्हणाला, ‘खिडकीनं का पोट भरते?’ मी म्हटलं, नाही, पण थप्पी कोसळते तेव्हा कुठून कोसळतेय ते तरी दिसते.

१९४८ चा आणि १९६६ चा, हे दोन्ही कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गुंडाळले गेले आणि ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. युनियनवाल्यांनी तिच्यावर पुष्कळ लिहिलंय. आपल्या पोरांनी तिच्यात उजेडाचं काय झालं आणि राहत्या घरात काम करणाऱ्या बाईचं काय झालं ते आधी शोधावं. बाकीचं मग.

आणि घर. आता कुठं वस्तीत पक्की घरं येतायत. प्रधानमंत्री आवासची असोत की आपल्या रमाई आवासची, घरकुलं उभी राहतायत. ग्रामीण घरकुलाची कमीत कमी जागा २५ चौरस मीटर धरली आहे, म्हणजे २६९ चौरस फूट. जागा थोडी, पैसा थोडा, हप्ता उशिरा. मिस्त्री पहिली काटछाट कुठं करतो? खिडकीत. दारावर करता येत नाही, छतावर करता येत नाही. दोन खिडक्या ठरलेल्या असतात, एक होते. मोठी ठरलेली असते, लहान होते. मागच्या घराच्या भिंतीला भिंत लावून टाकली की तीही बुजते. मग त्या सिमेंटच्या खोलीत आपली पोरगी बारावीचा अभ्यास भरदुपारी बल्ब लावून करते, आणि आपण उद्घाटनाला नारळ फोडून येतो.

मोजायची रीत आहे, आणि ती साहेबाची नाही, राष्ट्रीय बांधकाम संहितेची आहे, १९७० पासूनची. दार सोडून खोलीतल्या खिडक्यांचं एकूण माप, चौकट धरून, कोरड्या उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या निदान दहावा हिस्सा, दमट उष्ण भागात सहावा हिस्सा असावं असं तिच्यात सांगितलं होतं. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. दहावा हिस्सा धरला तर १० चौरस फूट खिडकी. अडीच बाय चारची एक, किंवा दोन बाय अडीचच्या दोन. आपल्याकडं उन्हाळा कोरडा आणि पावसाळे महिने ओलेगार, तेव्हा दहाव्याच्या खाली उतरायला कुठलीच सबब नाही. पश्चिमेला मोठी नको, मे महिन्यात घर भट्टी होईल. उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा. वर छज्जा काढायला लावा. आणि समोर दुसऱ्याची भिंत असेल तर ऑरसाहेबाचा हिशेब आठवा, उंचीच्या निम्मी जागा.

१४ एप्रिलच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. या वेळी पावतीबुकासोबत एक टेप खिशात ठेवा. ज्या घरात बिडी वळतात किंवा पोरं शिकतात तिथली खिडकी मोजा, जमीन मोजा, वहीत दोन आकडे लिहा. तिसऱ्या रकान्यात बाई दिवसा किती वाजता बल्ब लावते ते लिहा, आणि चौथ्यात खिडकीतून काय दिसते ते, तिच्याच शब्दांत. सडक अर्जुनीच्या आणि तिरोड्याच्या पोरांनी आपापल्या बाजूचं करावं, गोंदिया शहरातल्या वस्त्या आम्ही घेतो. वह्या बुद्धपौर्णिमेपर्यंत मंडळाच्या पत्त्यावर आणून द्या. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल, स्टेन्सिल आम्ही कापू.